गणितातील गुणांच्या चढउताराचे कारण उत्तरपत्रिकेतच
भिलाई : एका सत्रात गणितात भरघोस गुण, तर पुढच्या सत्रात उत्तीर्ण होण्याचीही भ्रांत. छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या भिलाईतच नव्हे, तर सर्वत्र अशा निकालांनी विद्यार्थ्यांचा धीर खचतो. मात्र, १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत २० गुणांचे पाचच प्रश्न असल्यास एका प्रश्नाची सुरुवात चुकताच पाचवा हिस्सा धोक्यात येतो. त्यामुळे एकाच परीक्षेवरून क्षमता ठरत नाही.

तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. चूक संकल्पनेची असल्यास मूळ पाठ, आकडेमोडीची असल्यास पडताळणी आणि वेळ अपुरा पडल्यास घड्याळ लावून सराव, हाच त्यावरील उपाय ठरतो.