श्वसनोपचारक प्रशिक्षण

रुग्णाला ऑक्सिजन व कृत्रिम श्वसन देणे, श्वसनमार्ग मोकळा राखणे, रक्तातील वायूंचे मापन करणे ही कामे वैद्याच्या देखरेखीखाली करणाऱ्या तंत्रज्ञास श्वसनोपचारक म्हणतात. अतिदक्षता विभागासाठी त्याला प्रौढ, बालक व नवजात अर्भक या तिन्ही वयोगटांचे शिक्षण दिले जाते.

इतिहास : अमेरिकेत या व्यावसायिकांची पहिली संघटना १९४७ मध्ये शिकागो येथे नोंदली गेली. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगन येथे भूलतज्ञ ब्यर्न इब्सेन यांच्या पद्धतीनुसार वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. मृत्युप्रमाण पुष्कळ घटले व अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली.

अभ्यासक्रम : अमेरिकेत किमान दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणानंतर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. नवजात व बालरोग, तसेच प्रौढ अतिदक्षता यांसाठी स्वतंत्र विशेष परीक्षा आहेत. शरीरक्रियाविज्ञान व यंत्रशास्त्र यांच्या जोडीला प्रतिकृतींवर सराव आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष काम यांवर भर असतो. श्वसनयंत्राची धोक्याची घंटा वाजून रुग्ण खालावल्यास नळी सरकणे, नळी तुंबणे, छातीत हवा साठणे व यंत्र बिघडणे ही कारणे क्रमाने तपासण्याची सवय लावली जाते.

वयोगटांतील भेद : प्रौढांच्या तीव्र फुप्फुसविकारात मोठे श्वास फुप्फुसांना इजा करतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दर किग्रॅ. वजनास १२ ऐवजी ६ मिलि. श्वास दिल्याने मृत्युप्रमाण ३९·८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. हे वजन काट्यावरचे नसून उंचीवरून काढलेले असते. त्यामुळे स्थूल रुग्णाच्या बाबतीत चूक होण्याचा संभव असतो.

बालकाचा श्वसनमार्ग अरुंद असतो. ४ मिमी. व्यासाच्या मार्गाला आतून सर्वत्र १ मिमी. सूज आल्यास त्याचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश उरते, ८ मिमी. व्यासाच्या मार्गाचे मात्र निम्म्याहून अधिक उरते.

अकाली जन्मलेल्या अर्भकात वायुकोश उघडे ठेवणाऱ्या पृष्ठक्रियाकारक द्रव्याची कमतरता असते, हे मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखविले. जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सतत धनदाबाचा उपचार प्रसिद्ध केला. अतिरिक्त ऑक्सिजनाने अशा अर्भकांच्या जालपटलास इजा होऊन अंधत्व येऊ शकते, तर अपुऱ्या ऑक्सिजनाने मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून ऑक्सिजन हे मोजून द्यावयाचे औषध होय, ही जाणीव या प्रशिक्षणात मूलभूत मानतात.