इम्प्रेसारिओ

संगीत, नाटक वा नृत्य यांविषयी लिहिताना इंग्रजी लेखक ज्याला ‘इम्प्रेसारिओ’ म्हणतात, तो केवळ खुर्च्या मांडून निमंत्रणपत्रिका वाटणारा संयोजक नव्हे. छाप पाडणे या अर्थाच्या ‘इम्प्रेस’ या परिचित इंग्रजी क्रियापदाशी या शब्दाचे काडीचेही नाते नाही, आणि म्हणूनच त्यात ‘एस’ हे अक्षर एकदाच येते. ‘इम्प्रेसा’ या इटालियन नामापासून तो सिद्ध झाला असून, पकडणे, हाती धरणे या अर्थाचा लॅटिन धातू त्या नामाच्या मुळाशी आहे. अंगावर घेतलेले, तडीस न्यावयाचे साहस हा त्याचा आशय.

1637 साली व्हेनिसमध्ये सॅन कासियानो हे नाट्यगृह तिकीट काढणाऱ्या प्रत्येकास खुले झाले, आणि तोवर राजे-सरदारांच्या आश्रयाने वाढलेला ऑपेरा लोकांत आला. अशा नाट्यगृहांची इमारत बहुधा एखाद्या उमराव घराण्याची असे. परंतु हंगामापुरता तिचा मक्ता घेऊन गायक-गायिकांशी करारनामे करणे, संगीतकाराकडून नवी रचना वेळेवर पदरात पाडून घेणे, पडदे रंगविणाऱ्यापासून दिवे लावणाऱ्यापर्यंत सर्वांचा मेहनताना चुकता करणे, हा सारा भार ज्याच्या शिरावर, आणि हंगाम कोसळला तर दिवाळेही ज्याचेच निघावयाचे, तो इम्प्रेसारिओ. अठराव्या शतकात इटालियन ऑपेराच्या पाठोपाठ हा शब्द इंग्रजीत रुजला.

या वर्गातला सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे दोमेनिको बार्बाया. मिलानमधील कॉफीगृहात नोकरी करणारा हा गरीब तरुण कॉफी, चॉकलेट आणि साय यांच्या एका पेयाने प्रसिद्धीस आला. पुढे ला स्काला नाट्यगृहातील जुगाराचा इजारा मिळवून तो धनाढ्य झाला, आणि 1809 साली नेपल्सच्या शाही नाट्यगृहांचा कारभार त्याच्या हाती आला. 1816च्या फेब्रुवारीत तेथील सान कार्लो नाट्यगृह आगीत भस्मसात झाले असता, त्याच्या पुनर्बांधणीची जबाबदारी याच गृहस्थाने पत्करली, आणि 1817च्या जानेवारीत पडदा पुन्हा वर गेला! तरुण संगीतकार रोसिनीस वर्षाला दोन ऑपेरांच्या करारावर त्यानेच नेपल्सला आणले. दोनिझेत्तीशी तीन वर्षांत बारा ऑपेरांचा करार केला. व्हिएन्नातील नाट्यगृहाचा मक्ता घेतल्यावर जर्मन संगीतकार वेबरकडूनही ‘युरिआन्थे’ हा ऑपेरा लिहून घेतला. विद्येचा गंध बेताचाच असलेल्या या मनुष्याची गुणग्राहकता मला तरी थोर वाटते.

विसाव्या शतकात हेच बिरुद रशियन सर्गेई द्याघिलेव्ह यास लाभले. 1909 साली त्याने पॅरिसमध्ये रशियन बॅले आणला. तो नर्तक नव्हता, पण नर्तक निजिन्स्की, संगीतकार स्त्राविन्स्की आणि चित्रकार पिकासो यांना त्याने एका रंगमंचासाठी राबविले. 1921 साली लंडनला चायकोव्हस्कीच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’चा अतोनात खर्चाचा प्रयोग बुडाला, तेव्हा कर्जापोटी नाट्यगृहाच्या मालकाने नेपथ्य आणि पोशाख अडकवून ठेवले.

आपल्याकडे गावोगावी ठरीव रकमेवर नाटकाचे प्रयोग घेणाऱ्या कंत्राटदारांची जातकुळी हीच. पाऊस आला आणि तंबू रिकामा राहिला, तरी मंडळीची बिदागी त्यांना द्यावीच लागे. कोणत्याही समारंभाच्या कार्यवाहास इम्प्रेसारिओ म्हणण्याचा आजचा प्रघात म्हणूनच मला मान्य नाही. ज्याने स्वतःचा पैसा आणि पत पणाला लावली असेल, त्यालाच ते नाव शोभते.