साहेब, मेमो काढण्यापूर्वी

आपल्या समाजातला मुलगा क्लास वन अधिकारी झाला की वस्तीत फटाके वाजतात, विहारात सत्कार होतो, बाबासाहेबांचे स्वप्न साकार झाले अशी भाषणे होतात. ते योग्यच आहे. पण दोन-चार वर्षांत त्याच साहेबांच्या हाताखालचा शिपाई, कनिष्ठ लिपिक किंवा सफाई कामगार मेमोचा कागद घेऊन आमच्याकडे येतो. "वकीलसाहेब, साहेब आपलेच आहेत, पण..." या 'पण'च्या पुढे जे येते त्यावर आज लिहायचे आहे.

कर्मचाऱ्यांना प्रेरणा कशी द्यावी याची शिबिरे आता सर्रास भरतात. पाठीवर थाप मारा, संघभावना वाढवा, वाढदिवसाला केक कापा, असे तिथे शिकवतात. कापावा केक, आमची हरकत नाही. पण ज्याची रजा अकारण नामंजूर झाली, ज्याची ज्येष्ठता यादीतील जागा बदलली आणि का बदलली हे कुणी सांगत नाही, त्याला केक गोड कसा लागेल?

एका नगरपालिकेतील सफाई कामगार बाईंची गोष्ट घ्या. सतत गैरहजर म्हणून वर्षभरात तीन मेमो. आम्ही कागद पाहिले तेव्हा कळले की, त्यांची हजेरी घराजवळच्या चौकीवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवली होती. हजेरी पहाटे सहाला, आणि त्या वेळेपर्यंत तिथे पोहोचवणारी बस नाही. दहा मिनिटे उशीर झाला की मुकादम खाडा लावायचा. त्याला महिन्याला काही 'दिले' की उशीर चालायचा. बाई देत नव्हत्या. तिन्ही मेमोंवर सह्या करणारे साहेब एकदाही चौकीवर गेले नव्हते. पुढे नवे आरोग्य अधिकारी आले. ते पावणेसहाला चौकीवर जाऊन उभे राहिले, आठवडाभर स्वतःसमोर हजेरी घेतली, बाईंची चौकी बदलून दिली. भाषण नाही, शिबिर नाही. बाईंचा खाडा बंद झाला. जे साहेब सह्या करीत होते ते आपले होते आणि जे चौकीवर गेले ते आपले नव्हते, हेही लिहिलेच पाहिजे.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे आपल्या प्रत्येक वक्त्याला पाठ असते. त्याच भाषणात त्यांनी गँगमनची स्थिती मांडली होती, ती मात्र फारसा कुणी सांगत नाही. आयुष्यभर गँगमनच राहायचे, वरची जागा नाही. पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टर स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करतो आणि घरात विटाळ चालत नाही. बाबासाहेब हजेरीच्या आणि बढतीच्या पातळीवर उतरून बोलत होते. आपल्या साहेबांना मात्र ही पातळी खालची वाटते.

असे का होते? आपल्या माणसाला न्याय दिला तर 'जातीयवादी' हा शिक्का बसेल, ही धास्ती. म्हणून आपल्यावरच जास्त कडक. ही धास्ती खोटी नाही. त्यांचा स्वतःचा कार्यमूल्यमापन अहवाल वर बसलेला दुसरा कुणी लिहीत असतो आणि त्या एका शेऱ्याने किती जणांची बढती मेली, हे आम्ही कज्जे चालवताना पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात निकाल दिला की, चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. सीमा रस्ते सेवेतील त्या अभियंत्याला 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता. त्याला ते कळवलेच नव्हते. 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी यावर शिक्कामोर्तब केले. आपले अधिकारी हा निकाल स्वतःसाठी तोंडपाठ ठेवतात. हाताखालच्या लिपिकाचा अहवाल लिहिताना मात्र 'साधारण' एवढा एक शब्द टाकून मोकळे होतात. काय कमी पडले, कसे सुधारावे, एक ओळ नाही.

राज्य शासनाच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत किरकोळ शिक्षेलाही आधी म्हणणे मांडायची संधी आहे. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात तर कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडू नये असे लिहिले आहे. साहेबांनी एवढे पाळले तरी कार्यालयाचे वातावरण बदलते, कारण काम करणाऱ्याला कळते की इथे वशिल्याची गरज नाही.

दुसरी बाजूही आहे. दारू पिऊन कामावर येणारा आणि टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवून साहेबांनाच दम देणारा कर्मचारीही आमच्याकडे येतो. त्याचे वकीलपत्र आम्ही घेत नाही.

त्या बाईंच्या तीन मेमोंच्या प्रती वैयक्तिक नस्तीत अजून तशाच आहेत आणि त्यापायी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ अडला आहे. मेमो रद्द करावेत म्हणून आम्ही अर्ज दिला. तो चार महिन्यांपासून आस्थापना विभागात एका टेबलावर आहे. तिथे बसणारे साहेब आपलेच आहेत.