मोटारीच्या झडपांची मोकळीक

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) येथे मुक्तांबाळच्या नावाने एक छत्र उभारले. वाटसरूंना अन्न व निवारा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. पायी आणि बैलगाडीने प्रवास करणाऱ्यांच्या या प्रदेशात विसाव्या शतकात मोटारी आल्या, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात भाड्याची मोटार म्हटले म्हणजे बहुधा अँबॅसडर, असे समीकरणच होऊन बसले. उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत ही मोटार तयार होत होती. जुन्या मोटारी जपणाऱ्यांच्या दारी ती आजही उभी असते, आणि तिच्या एंजिनाचे एक दुखणे आजही पूर्वीइतकेच गैरसमजाचे धनी आहे.

हे दुखणे आवाजाचे आहे. एंजिन मंद गतीने चालू असता बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. मालकाला तो आवाज खटकतो. तो मेकॅनिकला सांगतो, की टॅपेट वाजत आहेत, तेवढे बंद करा. मेकॅनिकही गिऱ्हाइकाचे समाधान करण्यासाठी पेच थोडेसे आवळून देतो. एंजिन शांत होते, मालक खूश होतो, आणि काही महिन्यांनी झडप जळून एंजिन उघडण्याची वेळ येते. गेलेला आवाज हा या एंजिनाच्या प्रकृतीचा भाग होता, हे त्या दोघांच्याही ध्यानी आलेले नसते.

असे का होते, हे समजण्यासाठी एंजिनाच्या आत डोकावले पाहिजे. अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल एंजिनाला चार सिलिंडर असून त्यांचे एकूण आकारमान १४८९ घन सेंटिमीटर आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. आदान-झडपेतून पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत येते आणि निष्कास-झडपेतून जळलेला वायू बाहेर पडतो. अशा एकूण आठ झडपा सिलिंडरांच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, डोके खाली व दांडा वर अशा बसविलेल्या असतात. त्यांना उघडणारा कॅम-शाफ्ट मात्र खाली, ब्लॉकच्या पोटात असतो. तेव्हा कॅमची हालचाल वर पोचविण्यासाठी एक साखळीच योजावी लागते. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब सळईला वर ढकलतो, आणि ती सळई रॉकरचे एक टोक उचलते. रॉकर तराजूच्या दांडीप्रमाणे मध्यावर टेकलेला असल्याने त्याचे दुसरे टोक खाली येते व झडपेचा दांडा दाबते. कॅमचा उंचवटा पुढे सरकला, की स्प्रिंग झडपेला पुन्हा तिच्या बैठकीवर ओढून घेते.

आता ही सारी साखळी धातूची आहे, आणि धातू तापला की वाढतो. निष्कास-झडपेचे डोके भरधाव चालणाऱ्या एंजिनात सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. अंधारात ते तांबूस दिसेल, इतकी ही उष्णता आहे. झडपेचा दांडा लांबतो, पुशरॉड लांबते, आणि त्याच वेळी ब्लॉक व हेड हेही कमीअधिक प्रमाणात फुगून रॉकरला वर उचलतात. या सर्वांच्या वाढीचा हिशेब तंतोतंत जमणे शक्य नसते. म्हणून रॉकरचे टोक व झडपेचा दांडा यांच्यामध्ये जाणूनबुजून एक फट ठेवलेली असते. या एंजिनासाठी ती एका इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा भाग, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, ठरविण्यात आली आहे. कारागीर तिला ‘पंधरा थाऊ’ म्हणतात. टिकटिक होते ती या फटीची, कारण प्रत्येक वेळी रॉकर ती ओलांडून दांड्यावर आपटतो.

फट कमी केली, की आवाज कमी होतो, हे खरे. परंतु फट नाहीशी झाली, तर तापून लांबलेली झडप बैठकीवर पुरती टेकत नाही, आणि येथेच खरा घात होतो. झडपेचे डोके ज्वालांमध्ये राहूनही वितळत नाही, याचे श्रेय ज्या पोलादाची ती घडविलेली असते त्या पोलादाला जाते, तसेच ते तिच्या बैठकीलाही जाते. झडप उघडी असते तो काळ साधारणतः एक-तृतीयांश, उरलेला दोन-तृतीयांश काळ ती बंद असते. या विश्रांतीच्या काळात तिच्या कडेवाटे उष्णता बैठकीत, तेथून हेडमध्ये, आणि हेडमधून भोवतीच्या पाण्यात जाते. झडपेतील सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता या अरुंद कडेवाटे निघून जाते आणि बाकीची दांड्यावाटे. कड टेकलीच नाही, तर ही वाट बंद होते. शिवाय स्फोटाच्या वेळी पेटलेला वायू त्या केसाएवढ्या चिरेतून वेगाने निसटतो आणि लोहाराच्या भात्यासारखे काम करतो. कडेवर आधी एक लहानशी खाच पडते, मग ती केंद्राच्या दिशेने वाढत जाते. मंद गतीवर एंजिन लंगडू लागते, चढावर दम राहत नाही. या अवस्थेतील मोटारीच्या धुराच्या नळीच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली, तर ती एकसारखी बाहेर फडफडण्याऐवजी मधूनच आत ओढली जाते. निदानाची ही रीत जुनी, बिनखर्चाची आणि बरीच विश्वासार्ह आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ही गोष्ट विशेष जाणवावी. येथे घाट नाहीत, रस्ते सपाट आहेत, आणि तंजावरहून चेन्नईपर्यंतची मजल तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. उन्हाळ्यात तासन् तास एकाच वेगाने धावणाऱ्या एंजिनाच्या झडपांना उसंत मिळत नाही. घट्ट बांधलेल्या झडपेचे दुखणे गावातल्या फेऱ्यांत कदाचित लपून राहील; अशा प्रवासात ते लपत नाही.

याचा अर्थ फट हवी तेवढी मोठी ठेवावी, असा नव्हे. फट वाढली, की झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि पुरेशी उचलली जात नाही. एंजिनाला श्वास अपुरा पडतो. कॅमच्या उंचवट्याला दोन्ही बाजूंनी सौम्य उतार दिलेला असतो, तो झडप हलकेच उचलावी व हलकेच टेकवावी म्हणूनच. फाजील फटीमुळे हा उतार वाया जातो, आणि झडप बैठकीवर आदळू लागते. तथापि दोन चुकांपैकी एक पत्करायचीच झाली, तर दोन थाऊ सैल ही चूक दोन थाऊ घट्टपेक्षा बरी.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, पण त्याला सवड लागते. या एंजिनाचे पंधरा थाऊ हे गरम अवस्थेतील माप असल्याने आधी मोटार नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत चालवावी लागते. नंतर रॉकरवरचे झाकण काढतात आणि एंजिन हाताने सहज फिरावे म्हणून प्लगही काढून ठेवतात. पुढून हँडल घालून एंजिन सावकाश फिरविता येते. प्रश्न असा, की एखाद्या झडपेची फट मोजताना तिचा टॅपेट कॅमच्या उंचवट्यापासून पूर्णपणे दूर आहे, हे ओळखावे कसे? त्यासाठी नऊचा नियम आहे. झडपांना पुढून मागे एक ते आठ क्रमांक द्यावेत. आठवी झडप पूर्ण उघडली असता पहिलीची फट पाहावी, सहावी उघडली असता तिसरीची, चौथी उघडली असता पाचवीची, आणि सातवी उघडली असता दुसरीची. बेरीज नेहमी नऊ. पुढे जोड्या तशाच उलट करावयाच्या. या नियमात जादू काही नाही. पहिल्या व चौथ्या सिलिंडरांतील दट्टे एकत्रच वरखाली होतात, तसेच दुसऱ्या व तिसऱ्यातील. परंतु त्यांची चक्रे एका पूर्ण फेऱ्याने मागेपुढे असतात. एकाची झडप कॅमच्या शिखरावर असते, तेव्हा जोडीदाराची तशीच झडप कॅमच्या पाठीवर असते.

पाण्याने चेकनट सैल करून, पेचकसाने पेच फिरवीत, फटीत पंधरा थाऊची पोलादी पट्टी सरकवून पाहतात. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. चेकनट आवळताना पेच थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजणे आवश्यक असते. घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो. आणखी एक फसगत जुन्या एंजिनात हमखास होते. वर्षानुवर्षे आपटून रॉकरच्या टोकाला दांड्याच्या रुंदीएवढा खळगा पडलेला असतो. सपाट पट्टी या खळग्यावरून पूल बांधल्यासारखी जाते आणि खोलगट भाग तिच्या हिशेबातच येत नाही. पट्टी पंधरा सांगते, खरी फट अठरा-वीस असते, आणि आवाज जात नाही. मग पेच आणखी आवळण्याचा मोह होतो. वास्तविक येथे दोष पेचाचा नसून रॉकरचा असतो. तो घासून घ्यावा किंवा बदलावा लागतो.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, आरोग्याच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. परंतु पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांचा एक पातळ थर झडपेच्या बैठकीवर जमून तिचे रक्षण करीत असे. ज्या जुन्या हेडांत बैठक थेट बिडातच कापलेली असते, तेथे हा थर गेल्यावर तापलेली झडप बिडाला सूक्ष्म प्रमाणात चिकटते आणि उचलली जाताना त्याचे कण ओढून नेते. बैठक झिजते, झडप हेडमध्ये खोल रुतते, आणि तिचा दांडा तितकाच वर सरकतो. म्हणजे फट वाढत नाही, उलट आपोआप कमी होत जाते. ही झीज निःशब्द असते. टिकटिकणारी मोटार हळूहळू शांत होऊ लागते, आणि मालक ते एंजिन रुळल्याचे लक्षण समजतो.

म्हणून जाणता कारागीर पेचाला हात लावण्यापूर्वी आठही झडपांच्या आहे त्या फटी मोजतो आणि तारखेसह लिहून ठेवतो. पुढच्या खेपेस तो तीच वही उघडतो. एखाद्या निष्कास-झडपेची फट प्रत्येक वेळी दोन-तीन थाऊ घटलेली आढळली, तर पेच सैल करून काही काळ निभावते, पण ती बैठक खचत चालली आहे हे उघड असते. अशा वेळी हेड उतरवून त्यात कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेतात, आणि झाकणाचे बुचाचे गॅस्केट नवे घालून मोटार पुन्हा रस्त्यावर आणतात. टिकटिक तेव्हाही थोडी ऐकू येतेच.