वैशाखाचें ऊन आणि गडावरची शिदोरी

केनवड हें वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतील गांव. वैशाखांत आमच्याकडे पारा 40 अंशांच्या वर चढतो आणि हवा अगदीं कोरडी होते. या उन्हावर घरोघरच्या बायका कुरडया, सांडगे, शेवया वाळवीत आल्या आहेत. सह्याद्रीच्या गडांवर मुक्कामास जाणाऱ्या तरुणांच्या शिदोरीलाहि तें उपयोगी पडावें, म्हणून आज थोडें सांगावयाचें आहे.

पाठीवर ओझें वाहणारा बव्हंशीं पाणीच वाहत असतो. टोमॅटोच्या 100 भागांत सुमारें 94 भाग पाणी. एक किलो वाळविल्यास हातीं 100 ग्रॅमहि उरत नाहीं. शिवाय जंतू व बुरशी यांस वाढण्यास मोकळें पाणी लागतें. तें उडालें कीं पदार्थ टिकतो.

परंतु नुसतें उन्हांत टाकणें म्हणजे वाळविणें नव्हे. आमच्या भागांतील शेतकरी हळद खणल्यावर आधीं शिजवितो, मग पसरतो. कच्ची हळद वाळण्यास फार दिवस घेते आणि तिला एकसारखा रंग येत नाहीं. भाजीचेंहि तसेंच. गवार, गाजर, वाटाणे हीं दोन-तीन मिनिटें उकळत्या पाण्यांत बुडवून काढावीं. तोडलेल्या भाजींतील कांहीं द्रव्यें आपलें काम चालूंच ठेवतात व रंग-स्वाद बिघडवितात. उकळीनें तीं थांबतात. कांदा-लसणास याची गरज नाहीं. काप पातळ असावेत. मेथीसारखा पाला सावलींत वाळवावा, कारण प्रखर उन्हानें त्यांतील जीवनसत्त्वें नष्ट होतात.

शिजविलेल्या डाळ-भाताची गोष्ट मात्र निराळी, आणि येथें हयगय नको. उन्हाची ऊब जंतूंना मानवते. बॅसिलस सीरियस नांवाच्या जंतूचे बीजाणू भात शिजवूनहि मरत नाहींत, आणि त्यानें एकदां विष निर्माण केलें तर पुन्हा उकळूनहि तें जात नाहीं. गडावर वैद्य कोठून आणावयाचा? म्हणून खिचडी वाळवावयाची असल्यास शिजतांच पातळ थरांत पसरून विजेच्या वाळवणयंत्रांत सुमारें 60 अंशांवर ठेवावी. कोणी म्हणेल, कुरडई कशी टिकते? तिचा चीक आंबवलेला व खारट असतो, शिवाय तिचे तंतू बारीक. खिचडींत तूप घालूं नये. स्निग्ध पदार्थ वाळत नाहीं, खवट होतो. तें डबींत वेगळें न्यावें.

वाळलेली भाजी थंड झाल्यावर काचेच्या बरणींत थोडी मोकळी भरून आठवडाभर रोज हलवावी. कांचेवर दंव दिसल्यास पुन्हा वाळवावी. बुरशी दिसल्यास सगळीच फेकावी, वरची खरवडून उरलेली खाण्याची काटकसर करूं नये. मग एकेका वेळेचा शिधा निरनिराळ्या हवाबंद पिशव्यांत भरावा. केनवडच्या हवेंत कुरकुरीत असलेली गवार पावसाळ्यांत हरिश्चंद्रगडावर उघडी राहिली तर लवकरच मऊ पडते.

मुक्कामीं हा शिधा उकळलेल्या पाण्यांत अर्धा तास भिजत घालून पुन्हा चांगला उकळावा. टांक्यांतील पाणी दिसावयास कितीहि निर्मळ असो, तें तसेंच वापरूं नये. आणि उन्हाळ्यांत जेथें टांकीं आटतात, तेथें भिजविण्यापुरतें पाणी खालूनच वर न्यावें लागतें. अशा गडास भाजलेले पोहे व गूळ-शेंगदाणे बरे.