मदरबोर्डवर दोन प्रोसेसर, पण सिस्टीमला दिसतो एकच! असं का होतं?

१९९९ मध्ये तैवानच्या अबिट कंपनीने 'बीपी६' हा मदरबोर्ड बाजारात आणला. त्यावर इंटेलचे दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर, कोणताही फेरफार न करता, बसायचे. दोन प्रोसेसर हवेत तर महागडे घ्या, हा इंटेलचा हिशेब या बोर्डाने मोडला. पण एक मेख होती. विंडोज ९८ टाकलं की दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहायचा. दोन्ही कामाला लावायचे तर विंडोज एनटी विकत घ्या, नाहीतर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी मोफत टाका.

दुसरा प्रोसेसर जागा कसा होतो?

कॉम्प्युटर सुरू होताना एकच प्रोसेसर काम सुरू करतो. बोर्डावर प्रोसेसर किती, याची यादी बायोस तयार ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, ती यादी वाचून बाकीच्यांना जागं करतो. यादीच चुकीची असेल तर दुसरा प्रोसेसर दिसत नाही किंवा मशीन मध्येच अडकतं. थोडक्यात, बोर्ड आणि कर्नल दोघांचं जमावं लागतं.

मोफत सिस्टीममध्ये ही सोय कधी आली?

लिनक्सच्या २.० आवृत्तीत १९९६ मध्ये, फ्रीबीएसडी ३.० मध्ये १९९८ ला आणि ओपनबीएसडी ३.६ मध्ये २००४ ला. तरी काम सोपं नव्हतं. फ्रीबीएसडीच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत तयार मिळणारा कर्नल एकच प्रोसेसर वापरायचा. दुसऱ्यासाठी कर्नल स्वतः नव्याने बांधावा लागायचा.

शिवाय कर्नलला एकच मोठं कुलूप असायचं. एक प्रोसेसर आत असेल तर दुसरा दाराशी थांबणार. त्यामुळे प्रोसेसर दुप्पट झाले तरी वेग दुप्पट व्हायचा नाही. हे कुलूप फोडून छोटी छोटी कुलपं करायला कित्येक वर्षं लागली. लिनक्समधून ते पूर्णपणे निघालं २०११ मध्ये.

आज हे का माहीत हवं?

आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये अनेक कोअर असतात आणि ते चालतात याच कामाच्या जोरावर. पण जुना, दोन सॉकेटचा सर्व्हर बोर्ड स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी एवढं बघा :

- दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे आहेत का?
- दोन्हींच्या वाट्याच्या स्लॉटमध्ये रॅम आहे का?
- दुसरं सॉकेट रिकामं असेल, तर त्याला जोडलेले कार्डांचे स्लॉट चालणार नाहीत.
- नेटवर्क आणि डिस्क कंट्रोलरची चिप तुमच्या सिस्टीमच्या हार्डवेअर यादीत आहे का? आता गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि प्रोसेसर मोजा. आकडा जुळला, नेटवर्क चाललं, तरच पैसे द्या.