क्रॉस कंपायलर: घडवायचं इथे, चालवायचं तिथे

पेणजवळच्या हमरापूर-जोह्यात घडलेला गणपती तिथेच बसवला पाहिजे, असं कुणी म्हणत नाही. तो मुंबईला जातो, परदेशीही जातो. प्रोग्रॅम मात्र ‘जिथे चालवायचा तिथेच कंपाइल केलेला बरा’ ही समजूत भलतीच घट्ट. नेटिव्ह कंपायलर स्वतः ज्या जातीच्या यंत्रावर चालतो, त्याच जातीसाठी कोड बनवतो. क्रॉस कंपायलर चालतो एकीकडे, कोड बनवतो दुसरीकडचा.

‘क्रॉस वगैरे मोठ्या कंपन्यांचं काम’ असं रोह्यातला विद्यार्थी म्हणतो, आणि धाटाव एमआयडीसीतल्या टाक्या डोळ्यांसमोर ठेवून पातळी मोजणारा प्रोजेक्ट आर्डुइनो उनो आर३ या बोर्डावर करतो. उनोच्या चिपमध्ये फ्लॅश ३२ केबी, रॅम २ केबी. त्यात कंपायलर मावायचा कुठे? ‘अपलोड’ दाबलं की लॅपटॉपवरचा एव्हीआर-जीसीसी हा कंपायलर कोड बनवतो आणि यूएसबीतून तयार माल बोर्डात उतरतो. म्हणजे क्रॉस कंपायलिंग त्याने केव्हाच केलेलं असतं.

नेटिव्ह कोड जास्त वेगाने धावतो, हीही ऐकीव गोष्ट. वेग ठरतो तो कंपायलरची आवृत्ती, ऑप्टिमायझेशन आणि त्याला कोणता प्रोसेसर सांगितलाय यावर. कंपायलर स्वतः कुठे बसून काम करतोय, याचा वेगाशी संबंध नाही. उलट जीसीसीला ‘नेटिव्ह’ हा पर्याय दिला की तो समोरच्या प्रोसेसरला येणाऱ्या सगळ्या सूचना वापरू शकतो. तोच प्रोग्रॅम लॅबमधल्या जुन्या पीसीवर नेला तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडू शकतो, दोन्हीकडे इंटेलच असला तरी.

प्रोसेसर जुळला म्हणजे सगळं जुळलं, असंही नाही. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकाचा प्रोसेसर ६४-बिट, पण कार्डावरच्या सिस्टिमचं कर्नल ३२-बिट असेल तर ६४-बिट प्रोग्रॅम चालणार नाही. नव्या उबुंटूवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या लिनक्सवर ‘ग्लिबसी’ या सी लायब्ररीची हवी ती आवृत्ती नाही म्हणून अडतो. त्यामुळे क्रॉससाठी नुसता कंपायलर पुरत नाही, समोरच्या यंत्राच्या लायब्ऱ्या आणि हेडर फाइलीही जवळ लागतात. खरी डोकेदुखी तिथे असते.

‘लॅपटॉपवर चालला, पायवर अडकला, म्हणजे क्रॉस कंपायलरच बिघडलाय’ ही तक्रार तर हमखास. सी भाषेत गेटकॅर या फंक्शनचं उत्तर कॅरॅक्टर प्रकारात ठेवून फाइलच्या शेवटाची खूण, म्हणजे उणे १, तपासली असं समजा. इंटेलवरच्या लिनक्सात कॅरॅक्टरला उणे किंमत चालते, लूप थांबतो. पायच्या एआरएम प्रोसेसरवर तो ० ते २५५ एवढाच, म्हणून उणे १ कधी येतच नाही आणि लूप फिरतच राहतो. पायवर नेटिव्ह कंपाइल करा, तरी हेच होईल. इलाज एका शब्दाचा: उत्तर इंटिजरमध्ये ठेवा. कंपायलर बिचारा निर्दोष असतो.

मग निवडायचा कोणता? पायसाठी दोन-चार फाइलींचा प्रोग्रॅम असेल तर तिथेच कंपाइल करा, क्रॉसची मांडामांड नको. पण १ जीबी रॅमवर ओपनसीव्हीसारखी लायब्ररी बांधायला घेतली तर मेमरी संपून काम मध्येच मरू शकतं. ते लॅपटॉपवरच करावं. क्यूईएमयू या प्रोग्रॅमने एआरएमचं सोंग आणून लॅपटॉपवर नेटिव्हसारखं कंपाइल करता येतं, पण ते बरंच हळू. डेबियन आपली पॅकेजेस सहसा त्या-त्या आर्किटेक्चरवर नेटिव्ह बांधतं, कारण बांधतानाच चाचण्या तिथल्या तिथे चालवता येतात. छोट्या उपकरणांसाठी अख्खी लिनक्स सिस्टिम तयार करणारे बिल्डरूट आणि योक्टो मात्र क्रॉसच वापरतात.